वर्गात लॅटिन, बाजारात इटालियन

आमच्या दौलताबादला इतिहास म्हणजे किल्ला. पाहुणे आले की त्यांना अंधारी दाखवायची, मेंढा तोफ दाखवायची, चांदमिनारापाशी फोटो काढायचे आणि मलिक अंबरचं नाव घ्यायचं. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. ही गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते.

त्याच अंबरच्या शेवटच्या वर्षात, 1625 साली, गोव्याचा एक तरुण शिकायला रोमला पोहोचला. त्याचं नाव मातेउस दि कास्त्रो. घराण्याचं जुनं आडनाव महाले. गाव मांडवीतलं दिवाडी बेट, वय तिशीच्या आसपास. हा माणूस माझ्या वाचनात आला तो मामेभावामुळे. तो तोरिनोला मास्टर्स करायला गेला, आणि घरात 'कॉम्प्युटरवाला' मी एकटाच असल्यामुळे त्याचे कागद माझ्या गळ्यात पडले. स्कॉलरशिप घरच्या उत्पन्नावर ठरते, म्हणून मामाच्या उत्पन्नाचे दाखले, त्यांचे इटालियन तर्जुमे, त्यावर शिक्के. तिथे उतरल्यावर आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, तोही पोस्टातून, आणि फॉर्म इटालियनमध्ये. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून पठ्ठ्या निर्धास्त होता. पहिल्याच आठवड्यात त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "दादा, इंग्रजी फक्त वर्गात चालतं रे. खोली, बँक, पोस्ट, भाजी, सगळं इटालियन." इटलीत आधी कोण आपल्याकडचं शिकायला गेलं होतं, हे मी तेव्हा शोधायला लागलो.

मातेउस शौकाने गेला नव्हता. गोव्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे रेइश मागुशला तो शिकला होता, पण पाद्री व्हायचं म्हटल्यावर आर्चबिशपने दार लावून घेतलं. कारण एकच, तो इथला होता. बाप्तिस्मा घे, प्रार्थना म्हण, देवळं मोडून उभ्या केलेल्या चर्चमध्ये गुडघे टेक, पण वेदीच्या पलीकडे उभं राहायचं नाही. पोर्तुगीजांच्या राज्यात याविरुद्ध दाद मागायलाही जागा नव्हती. 'पाद्रुआदो' नावाच्या व्यवस्थेत पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क चालायचा. बिशप कोण हे तो सुचवणार, पैसा त्याचा, जहाजंही त्याचीच. म्हणून मातेउसने लिस्बनचा रस्ता सोडला आणि इराणमार्गे खुष्कीने रोम गाठलं. आमच्या भाषेत सांगायचं तर लोकल अ‍ॅडमिनने अ‍ॅक्सेस नाकारला आणि गडी थेट हेड ऑफिसला चालत गेला.

तो पोहोचला ते वर्ष रोममध्ये पवित्र वर्ष होतं. दर 25 वर्षांनी असं वर्ष येतं आणि युरोपभरचे यात्रेकरू शहरात लोटतात. आपल्याकडच्या कुंभाची आठवण व्हावी अशी गर्दी. सेंट पीटर चर्चचं उद्घाटन अजून झालेलं नव्हतं, ते 1626 च्या नोव्हेंबरात झालं. आत बेर्निनी नावाचा विशीतला शिल्पकार वेदीवर काशाचं भलंमोठं छत्र उभारत होता, आणि त्याच काळात प्राचीन पँथिऑनच्या देवडीचं कासं काढलं जात होतं. थोडक्यात, जगाची राजधानी म्हणवणारं ते शहर म्हणजे बांधकामाची साइट होती.

आणि तिथेही आमच्या भावासारखाच भाषांचा घोळ होता. शिक्षण लॅटिनमध्ये. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, वादविवाद, परीक्षा, सगळं लॅटिन. ती भाषा मातेउस गोव्याहूनच घेऊन आला होता. पण लॅटिन ही शहरात कोणाच्याच घरची बोली नव्हती. पावाचा भाव, खोलीचं भाडं, कचेरीतल्या कारकुनाची कुजबुज इटालियनमध्ये चालायची. घरची कोंकणी, पाद्र्यांकडून मिळालेली पोर्तुगीज, पुस्तकातली लॅटिन, अशा तीन भाषा खिशात असूनही नव्या शहराची चौथी शिकावीच लागणार होती. पोर्तुगीज जाणणाऱ्याला इटालियन अर्धी कळते, हे खरं. पण अर्ध्या कळण्यावर भाजी घेता येते, अर्ज लिहिता येत नाही.

मातेउसला तर अर्जच लिहायचा होता. त्याची गाठ ज्या कचेरीशी पडली ती जेमतेम तीन वर्षांची होती. 1622 साली पोपने धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांडा फिदे' नावाचं खातं काढलं. आज आपण 'प्रोपगंडा' म्हणून जो शब्द शिवीसारखा वापरतो, तो या खात्याच्या नावातून आला. 1626 साली या खात्याने अनेक लिप्यांचा छापखाना काढला आणि 1627 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी कॉलेज. खात्याचा सचिव फ्रान्चेस्को इंगोली पोर्तुगालच्या मक्तेदारीवर आधीच खार खाऊन होता. प्रत्येक देशात तिथल्याच माणसांतून पाद्री व्हावेत असं त्याचं मत, आणि ते मांडायला त्याला जिवंत पुरावा हवा होता. तेवढ्यात गोव्याचा हा हुशार, दुखावलेला विद्यार्थी दारात आला. मला वाटतं, रोमने मातेउसला शिकवलं त्यात दया किती आणि राजकारण किती, हे वेगळं काढता येणार नाही. मातेउसलाही ते कळत असावं. कारण पुढे त्याने या खात्याला आयुष्यभर पत्रं, निवेदनं, तक्रारी लिहिल्या आणि त्या तिथल्या दप्तरात आजही आहेत. दप्तरात कागद कसा घुसवायचा, हे माझ्या मते त्याचं खरं शिक्षण.

1630 च्या सुमारास त्याला रोममध्येच दीक्षा मिळाली. पोपचे कागद घेऊन तो गोव्याला परतला तर तिथे त्याचे कागदच मानेनात. परत रोम. 1637 साली त्याला बिशप करण्यात आलं, तेही गुपचूप, आणि नेमणूक झाली विजापूरच्या आदिलशाही मुलखावर. लॅटिन चर्चचा तो पहिला भारतीय बिशप. पोर्तुगीज हद्दीत पाय ठेवायची पंचाईत, म्हणून तो राहिला सीमेपलीकडे डिचोलीला. म्हणजे ख्रिस्ती बिशपला ख्रिस्ती राजाच्या राज्यात जागा नव्हती आणि मुसलमान सुलतानाच्या राज्यात होती. सुलतानाचा यात स्वार्थ होताच, गोवेकरांना डिवचणारा माणूस शेजारी असलेला कोणाला नको असतो? मातेउस विजापूरला गोव्यावर चिथावतो, असा आरोप पोर्तुगीज करत होतेच.

इथे मला राहून राहून अंबर आठवतो. सतराव्या शतकाच्या त्याच पंचवीस-तीस वर्षांत दख्खनेत एका हबशी गुलामाला अख्खी सल्तनत चालवता आली, आणि गोव्यात जन्मलेल्या माणसाला गोव्यात साधा पाद्री होता आलं नाही. अर्थात दख्खनेचे गोडवे फार गाऊ नयेत. 1633 साली शाहजहानच्या फौजेने हाच दौलताबाद काही महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला, आणि त्याआधीच्या दुष्काळाने इथली गावंच्या गावं ओस पाडली होती.

मातेउसचेही गोडवे जपूनच गावेत. 1653 साली त्याने 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचा एक मजकूर लिहिला. त्याचा इटालियन तर्जुमा प्रोपागांडाच्या दप्तरात राहिला. त्यात पोर्तुगीजांवर आग ओकलेली आहे, पण हाक आहे ती आपल्या जातवाल्यांना. कातडीवरून स्वतःला नाकारलं म्हणून हा माणूस अर्धं जग पालथं घालतो, आणि न्याय मागताना 'आम्ही ब्राह्मण' हेच प्रमाणपत्र पुढे करतो. बाप्तिस्म्याने आडनाव बदललं, जात बदलली नाही. ज्या गावड्याने, कुणब्याने त्याच चर्चमध्ये गुडघे टेकले, त्याच्यासाठी या आरशात जागा नव्हती. मला हे खटकतं, आणि तरीही दाराबाहेर उभं केलेल्या माणसाचा त्याचा राग खोटा वाटत नाही.

त्याचा शेवट रोममध्येच झाला, 1670 च्या दशकाच्या उत्तरार्धात. पण त्याच्यामागून तोच रस्ता इतरांनी धरला. त्याच्याच नात्यातला तोमास दि कास्त्रो रोममध्ये शिकला आणि पुढे बिशप होऊन कानडा किनाऱ्यावर नेमला गेला. विजापूरच्या जागी 1669 साली आला तोही गोव्याचाच, कुस्तोदिओ दि पिन्यो. मातेउस पोहोचला तेव्हा रोममध्ये त्याला वाट दाखवणारं ओळखीचं कोणी नव्हतं. या पोरांना निदान एवढं तरी ठाऊक होतं, की कुठल्या कचेरीत जायचं आणि अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा.