वर्षाला एकशे पाच

दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचारपटांची चर्चा निघाली की एक समज हमखास पुढे येतो. अमेरिकी गोऱ्याच्या लेखी चिनी माणूस म्हणजे अफूबाज, धोबीकाम करणारा, कमी मजुरीत राबून इतरांच्या पोटावर पाय आणणारा. मग युद्ध आले, फ्रँक काप्रा आणि अनातोल लिटवाक यांनी लष्करासाठी ‘द बॅटल ऑफ चायना’ केला, हॉलिवूडने ‘ड्रॅगन सीड’ काढला, आणि तोच चिनी शूर, सोशिक दोस्त झाला. पुरावा म्हणून १९४३ साल दाखवतात. चिनी मजुरांना १८८२ पासून दार बंद करणारा कायदा त्या वर्षी रद्द झाला.

तारखा पाहिल्या तरी हा पूर्वपक्ष लंगडा पडतो. कायदा रद्द झाला १७ डिसेंबर १९४३ रोजी. वरचे दोन्ही चित्रपट १९४४ चे. कार्य आधी आणि कारण मागाहून, हे न्यायशास्त्रात बसत नाही. यावर कुणी १९३७ चा ‘द गुड अर्थ’ पुढे करील. पर्ल बक यांच्या कादंबरीने आणि त्या चित्रपटाने चिनी शेतकऱ्याविषयी कणव जागवली, हे मला मान्य आहे. पण तो प्रचारपट नव्हे. आणि त्या कणवेनंतरही कायदा सहा वर्षे जागचा हलला नाही.

हलवला तो जपानने. तुम्ही चीनला मित्र म्हणता आणि चिन्यांना उंबऱ्याबाहेर ठेवता, हा जपानी प्रचार आशियाभर चालू होता आणि त्याला उत्तर नव्हते. ऑक्टोबर १९४३ मध्ये काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात रूझवेल्ट यांनी हे कारण उघडपणे मांडले. फेब्रुवारीत चीनचे नेते चँग कै-शेक यांच्या पत्नीचे काँग्रेसपुढे भाषण झाले होते. पर्ल बक यांचे पती रिचर्ड वॉल्श यांची समितीही कायदा रद्द करण्यासाठी झटत होती. आणि मिळाले काय? वर्षाला १०५ जणांना प्रवेश! शिवाय ही मोजणी वंशावर. चिनी वंशाचा माणूस जगात कुठेही जन्मलेला असो, तो याच १०५ मध्ये धरायचा. नागरिकत्वाचा हक्क मिळाला, ही मात्र खरी कमाई. तरीही, जनमानस पालटले असते तर आकडा इतका कंजूष का राहिला असता?

प्रचारपट माणसाला किती बदलतात, हे अमेरिकी लष्कराने स्वतःच तपासले होते. काप्राच्या ‘व्हाय वुई फाइट’ मालिकेतले पहिले काही चित्रपट सैनिकांना दाखवून मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या. अहवाल १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आला. सैनिकांची माहिती भरपूर वाढली होती, मते थोडी सरकली होती, लढण्याची ईर्ष्या जवळजवळ होती तिथेच होती. काही मतांवरचा परिणाम नऊ आठवड्यांनी वाढलेला दिसला, हेही त्यांनी नोंदवले आहे आणि प्रतिपक्षाने ते जरूर वापरावे. याच मालिकेतला चीनवरचा चित्रपट या चाचण्यांत नव्हता. पण भावंडांचा जो गुण, त्याहून वेगळा गुण याच्यातच असल्याचे दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते.

चित्रपटांच्या आत डोकावले तर आणखी गंमत दिसते. ‘ड्रॅगन सीड’ची चिनी नायिका होती कॅथरिन हेपबर्न. ‘द गुड अर्थ’मध्ये लुईझे रायनर, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या चिनी वंशाच्या अॅना मे वाँगला ती भूमिका मिळाली नाही. उलट, जपानी वंशाचे लोक छावण्यांत कोंडलेले असल्याने क्रूर जपानी अधिकारी रंगवायला चिनी वंशाचा रिचर्ड लू! स्तुती चीन देशाची होती. शेजारच्या चिन्याचा चेहरा प्रेक्षकाला अजून शत्रूचाच वाटत होता. पर्ल हार्बरनंतर चिनी अमेरिकनांनी ‘मी चिनी आहे’ असे बिल्ले छातीवर लावले, ते हौसेने नव्हे. पुढे १९५० मध्ये चिनी फौजा कोरियात उतरल्या आणि सोशिक दोस्त पाहता पाहता लाल झुंडीत जमा झाला. चित्रपटांनी मन घडवले असते तर ते इतक्या झटपट मोडले नसते. सरकारने केलेल्या मैत्रीला त्यांनी चेहरा दिला. मैत्री सरली, चेहराही उतरला.

हे अमेरिकेचेच, असे म्हणून सोलापूरकरांनी सुटू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावरचा व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये आला. त्यातली चिनी पत्नी जयश्री यांनी साकारली. इतका जिव्हाळ्याचा चित्रपट चीनविषयी आपल्याकडे दुसरा नसेल. तरी १९६२ च्या चीन-युद्धात, नोव्हेंबरपासून, आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना गाडीत भरून राजस्थानातल्या देवलीला नेण्यात आले, त्याच देवलीत जिथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायणांना डांबले होते. सुमारे तीन हजार माणसे, त्यांतली बरीच इथेच जन्मलेली. काहींची सुटका व्हायला चार-पाच वर्षे लागली. या संशयाचे खापरही चित्रपटावर फोडता येत नाही. त्या युद्धावरचा चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ आला १९६४ मध्ये. तोवर देवलीची छावणी भरून वर्ष उलटले होते.