काटकसरी जनुक गृहीतक

दुष्काळात तग धरण्यास उपयोगी पडलेली, चरबी साठवणारी जनुके अन्नाच्या सुबत्तेत मधुमेह व स्थूलता निर्माण करतात, असे मानणारी उपपत्ती (पहा : नैसर्गिक निवड, स्थूलता). अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ जेम्स नील यांनी ती १९६२ मध्ये मधुमेहासंदर्भात मांडली. पुढे ती स्थूलतेलाही लावली गेली.

तिच्यावरील मुख्य आक्षेप गंभीर आहे : दुष्काळच निर्णायक असता, तर ही जनुके सर्वांमध्ये पसरली असती, पण प्रत्यक्षात भरपूर अन्न मिळूनही अनेक जण सडपातळ राहतात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांच्या मते, हिंस्र प्राण्यांचे भय संपल्यावर वजनाच्या वरच्या मर्यादेवरील निवडीचा दाब सुटला आणि संबंधित जनुके यदृच्छेने बदलत गेली (पहा : आनुवंशिक विचलन). संशोधक हेल्स व बार्कर यांनी १९९२ मध्ये मधुमेहाचे मूळ जनुकांऐवजी गर्भावस्थेतील कुपोषणात शोधले.

गर्भावस्थेवर भर देणाऱ्या या विचाराला पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांच्या संशोधनाने महत्त्वाची जोड दिली. पुणे परिसरातील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, परंतु त्वचेखालील चरबी तुलनेने टिकवून असलेली आढळली. म्हणजे कमी वजनातही शरीरात चरबी तुलनेने अधिक असू शकते; त्यामुळे भारतीयांमधील मधुमेहाचा धोका केवळ देहभार निर्देशांकावरून ठरवणे अपुरे पडते (पहा : मधुमेह).