देवाची करणी आणि माणसाची : महाराष्ट्रातील प्रागैतिहासिक अवशेष व आगळी शिलारूपे

'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणीतला भाबडा विस्मय दगडांच्या बाबतीतही वारंवार दिसतो. नदीच्या पात्रातले गोल रांजण, डोंगरातून सरळ उभे राहिलेले काळे खांब, माळावर मांडलेली धोंड्यांची वर्तुळे किंवा कातळावर कोरलेला हत्ती पाहिला की हे कोणी केले, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. लोकपरंपरेने त्याचे सोपे उत्तर शोधले आहे. जे जे अचाट, ते ते पांडवांनी एका रात्रीत केले. विज्ञान मात्र या प्रश्नाची दोन स्वतंत्र उत्तरे देते. यांपैकी काही रूपे निव्वळ निसर्गाची आहेत, तर काही अशा माणसांची, ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही. गंमत अशी, की जे माणसाने घडविल्यासारखे भासते, ते बहुधा निसर्गाचे असते आणि जे सहज पडलेले धोंडे वाटतात, ते माणसाने मांडलेले असतात. हा फरक ओळखता येणे पर्यटकासाठी आनंदाचे आहेच, पण त्या अवशेषांच्या अस्तित्वाचा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

गिल्बर्ट हिल : महानगरातला लाव्हास्तंभ

मुंबईत अंधेरी पश्चिमेला दाटीवाटीच्या इमारतींमधून सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा कडा अचानक वर आलेला दिसतो. हीच गिल्बर्ट हिल. जवळून पाहिल्यास हा कडा एकसंध नसून एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या अनेक बहुकोनी खांबांचा बनलेला आहे, हे लक्षात येते. एखाद्या कसबी पाथरवटाने ते घडविले असावेत, अशी शंका येण्याइतके ते रेखीव आहेत.

त्यांची घडण मात्र पूर्णपणे नैसर्गिक आहे. सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर व पश्चिम किनाऱ्यावर लाव्हारसाचे प्रचंड उद्रेक झाले. जाड थरात साचलेला लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो. हे आकुंचन सर्वत्र सारखे झाले, तर पृष्ठभागावर कोनाकृती भेगा पडतात. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळल्यावर पडतात, तशाच. थंडावा आत उतरत जातो, तशा या भेगाही खोल जातात आणि शेवटी पाच-सहा बाजूंचे उभे खांब तयार होतात. उत्तर आयर्लंडमधील 'जायंट्स कॉजवे' याच प्रक्रियेतून घडला. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवडे येथे आणि कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर असे खांब पाहावयास मिळतात. सेंट मेरी बेटांवरचा खडक दख्खनच्या लाव्ह्याहून जुना असून भारत व मादागास्कर विलग होण्याच्या काळाशी त्याचा संबंध जोडला जातो.

गिल्बर्ट हिलच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि तिथे जाण्यासाठी खडकात पायऱ्या आहेत. मुंबई महापालिकेने २००७ साली या टेकडीला वारसा श्रेणी दोनचा दर्जा दिला. तोवर आसपासचा खडक खाणींनी आणि बांधकामांनी खाल्ला होता. आज जो सुळका दिसतो, तो एका मोठ्या भूरूपाचा शिल्लक राहिलेला भाग आहे.

निघोज : नदीने घडविलेले रांजण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात निघोज गावाजवळ कुकडी नदीचे पात्र काळ्या बेसाल्टमध्ये खोल कापले गेले आहे. पात्राच्या अलीकडे निघोज, तर पलीकडे पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी. या पात्रात लहान वाटीएवढ्या खळग्यांपासून माणूस सहज बुडेल एवढ्या रांजणांपर्यंत शेकडो गोल खड्डे आहेत. कित्येकांच्या भिंती एकमेकींत मिसळून खडकाला वळणदार कमानींचे रूप आले आहे.

येथेही कोणाची छिन्नी चाललेली नाही. पुराच्या पाण्याबरोबर वाहत येणारे दगडगोटे खडकातल्या एखाद्या खोलगट जागी अडकतात. भोवऱ्यात सापडून ते गरगर फिरत राहतात आणि जात्यासारखे खालचा खडक झिजवतात. गोटे झिजून संपले, की पुढच्या पुरात नवे येतात. हजारो पावसाळे हा उद्योग चालला की रांजणखळगा तयार होतो. उन्हाळ्यात खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात. खड्डा कोरणारे हत्यार तिथेच टाकून कारागीर निघून जावा, तसे ते दृश्य असते.

काठावर मळगंगा देवीचे मंदिर असून चैत्रात देवीची यात्रा भरते. पुण्याहून शिरूरमार्गे येथे एका दिवसात जाऊन येता येते. पाणी ओसरल्यानंतरचे महिने पाहण्यास योग्य. निसरड्या कडा आणि खळग्यांतील पाण्याची न कळणारी खोली यांमुळे हे ठिकाण धोक्याचे आहे. पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

जुनापाणी : धोंडे नव्हेत, स्मारके

नागपूरहून काटोल रस्त्याने शहराबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर जुनापाणीचा माळ लागतो. प्रथमदर्शनी येथे पाहण्यासारखे काहीच नाही. खुरट्या झुडपांत काळे धोंडे विखुरलेले दिसतात, इतकेच. पण एका जागी स्थिर उभे राहून नजर फिरवली, की धोंडे गोलाकार ओळीत बसलेले आहेत हे हळूहळू उमगते. एक वर्तुळ दिसले की दुसरे दिसते, मग तिसरे. अशी सुमारे तीनशे शिळावर्तुळे या परिसरात आहेत.

ही महापाषाणयुगीन दफनस्थळे होत. साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात नांदलेल्या, लोखंड वापरणाऱ्या समाजाने ती उभारली. काटेकोर परिभाषेत हा काळ प्रागैतिहासिक नव्हे, तर इतिहासाच्या उंबरठ्यावरचा. तरीही या लोकांचे एकही लिखित अक्षर आपल्यापर्यंत आलेले नाही. जे. एच. रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६७ साली येथे उत्खनन केले. त्याला मिळालेल्या काही लोखंडी वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. वर्तुळांच्या आत मृतांसोबत ठेवलेली काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी हत्यारे आणि घोड्याचे लगाम आढळले. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे मुद्दाम कोरलेले आहेत. निघोजचे खळगे पाण्याने केलेले, हे मात्र माणसाने. ते ओळीत व ठरावीक अंतरावर असल्यामुळे हा भेद करता येतो. या खुणांचा दिशांशी व आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे.

याच परंपरेतील इतर स्थळांनी या समाजाचे चित्र अधिक स्पष्ट केले आहे. माहुरझरी येथे माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. मौल्यवान खड्यांचे मणी घडविण्याचा उद्योगही तिथे चालत असे. नायकुंड येथे शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे हे लोक लोखंड केवळ वापरत नव्हते, तर स्वतः तयारही करीत होते.

कोकणचे सडे : जांभ्यावरची चित्रशाळा

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. स्थानिक बोलीत त्यांना 'सडा' म्हणतात. उष्ण व पावसाळी हवामानात मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये वाहून जातात, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात आणि जांभा तयार होतो. वरचे कवच कठीण व जवळजवळ सपाट असते. निसर्गाने दिलेल्या या फलकावर माणसाने आकृत्या खोदल्या. त्यांनाच आज कातळशिल्पे म्हणतात.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना व शेतकऱ्यांना विचारून यांतील शेकडो आकृत्या उजेडात आणल्या. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या शरीराच्या आत अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची आकृती आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील अशाच एका प्रसंगाशी तिची तुलना केली जाते. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते. उक्षी, जांभरुण, रुंढे तळी आणि देवीहसोळ ही इतर प्रमुख स्थळे. उक्षीला कोकण रेल्वेचे स्थानक असल्याने तिथे पोहोचणे सोपे आहे.

या आकृत्यांचे वय ठरविणे अवघड आहे, कारण नुसत्या खोदलेल्या रेषेत कालमापनासाठी लागणारा सेंद्रिय अंश नसतो. मात्र चित्रांत शेती, गाडा किंवा शस्त्रधारी स्वार यांची वर्दळ नाही. उलट आज कोकणात कोठेही नसलेला गेंडा त्यांत आहे. अशा पुराव्यांवरून मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपासून, इतिहासकाळाच्या आरंभापर्यंतचा व्यापक काळ अभ्यासक मानतात. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ स्थळांचा समावेश झाला. त्यांत वरील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील कुशावती नदीकाठचे फणसमाळ अर्थात उसगाळीमळ आहे. गोव्यातील हे स्थळ १९९३ मध्ये प्रकाशात आले होते.

कायद्याचे छत्र कोणावर?

माणसाच्या करणीला निदान कायद्याचा आधार आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली व पुढील २०० मीटर नियंत्रित ठरविले. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. पण हे संरक्षण घोषित स्मारकांनाच मिळते. विदर्भातील कित्येक शिळावर्तुळे शेते, रस्ते आणि वसाहतींच्या वाटेत येतात. 'नुसते धोंडे' म्हणून ती उचलली जातात आणि त्यांच्याबरोबर एका समाजाची एकमेव नोंदही जाते. कोकणात चिरेखाणीच्या यंत्राला सड्यावरची रेषा आणि साधा कातळ यांत फरक कळत नाही. २०२३ मध्ये बारसू परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा विरोधकांच्या आक्षेपांत कातळशिल्पांचा प्रश्नही पुढे आला.

निसर्गाच्या करणीची स्थिती अधिक नाजूक आहे. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण महत्त्वाच्या स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित करते. मात्र घोषणेचा फलक खाणीला थोपवू शकेलच, असे नाही. गिल्बर्ट हिलच्या भोवतालची पोकळी याची साक्ष देते.

पाहावे कसे?

या स्थळांना तिकीटखिडकी, मार्गदर्शक किंवा सावली बहुधा नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. कातळशिल्पे सकाळी लवकर किंवा मावळतीला पाहावीत. तिरप्या उन्हात खोदलेल्या रेषांच्या सावल्या पडतात आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी तोच हत्ती डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. सड्यावर अनवाणी किंवा मऊ तळव्याच्या पादत्राणांनी, आकृतीच्या कडेकडेने फिरावे. छायाचित्र उठावदार यावे म्हणून रेषांत खडू, चुना किंवा रंग भरू नये. शिळावर्तुळातला धोंडा हलवू नये, कारण त्याची जागा हाच त्याचा अर्थ आहे. मातीत खापर किंवा मणी दिसला, तर खिशात न घालता तिथेच राहू द्यावा. अनेक सडे खासगी मालकीचे आहेत. गावात आधी विचारावे, शक्य तर वाट दाखविण्यासाठी गावकऱ्याला सोबत घ्यावे आणि त्याचे मोल द्यावे. कातळशिल्पांतून गावाला चार पैसे मिळाले, तर सडा खाणीला देण्याआधी गाव दोनदा विचार करील.

गड-किल्ल्यांना तट-बुरूज आहेत, लेण्यांना दारे आहेत, म्हणून ती ओळखू येतात. वर्तुळाकार धोंडे आणि कातळावरची रेषा यांना अशी ओळख नाही. ती पाहणाऱ्याच्या नजरेत असावी लागते. ज्याला जुनापाणीच्या माळावर वर्तुळ दिसले, तो त्यातला धोंडा कुंपणासाठी उचलणार नाही. असे पाहणारे किती आहेत, यावर या स्थळांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.