पोटावारीकडून स्वकमाईकडे

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकतो, दिवाळीच्या सुट्टीत बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानात गिऱ्हाइकांना माल दाखवतो किंवा शेजारपाजारच्या लहान मुलांची शिकवणी घेतो, आणि महिनाअखेरीस हाती आलेल्या रकमेतून वह्यापुस्तकांचा व परीक्षेच्या फीचा खर्च भागवतो, यात आज कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु आपल्या समाजाच्या इतिहासात ही गोष्ट फार अलीकडची आहे. अल्पवयीन मुलाने राबावे हा प्रघात पुरातन आहे. त्या राबण्याचा मोबदला त्याच्या स्वतःच्या खाती जमा व्हावा आणि त्या मोबदल्यावरच त्याचे शिक्षण पुढे चालावे, हा विचार महाराष्ट्रात रुजण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो रुजवण्याचे श्रेय ज्या एका गावाला सर्वांआधी द्यावे लागते, ते गाव म्हणजे सातारा.

जुन्या गावगाड्यात मुलाच्या श्रमाचा वेगळा हिशेब नसे. लोहाराचा मुलगा भाता ओढी, कुंभाराचा माती तुडवी, सुताराचा वाकस हाती धरण्याचा सराव बापाच्या देखरेखीखाली करी. परंतु खळ्यावर मिळणारे बलुते घराच्या कणगीत पडे. ज्याच्या घरी जमीन नाही आणि वतनही नाही, त्याचा मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की मोठ्या बागाइतदाराकडे गुरे राखण्यास राही, आणि हे राहणे पुष्कळदा पोटावारी असे. दोन वेळची भाकरी आणि वर्षाकाठी अंगावरचे वस्त्र मिळाले की धन्याचे देणे संपले. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन सादर केले, त्यात शेतकऱ्यांची मुले शाळेत का टिकत नाहीत याचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले: गुरे राखण्यासाठी आणि शेताची निगराणी करण्यासाठी आईबापांना ती मुले हवी असतात, म्हणून त्यांना शाळेकडे वळवावयाचे तर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे दिली पाहिजेत. शाळेचा प्रश्न हा मुळात उदरनिर्वाहाचा प्रश्न आहे, हे इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने जाणणारा दुसरा पुरुष त्या काळी महाराष्ट्रात मला तरी आढळत नाही.

लेखणीवर जगणाऱ्या घराण्यांतील मुलांची वाट निराळी होती, आणि तिचे नाव उमेदवारी. पेशवाईतील हुजूर दफ्तरापासून इंग्रजी अमलातील मामलेदार कचेरीपर्यंत हा शिरस्ता थोड्याफार फरकाने चालत आला. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा नात्यातल्या एखाद्या कारकुनाच्या ओळखीने कचेरीत येऊन बसे. बोरूला नेमका तिरपा काप देणे, कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेऊन तिच्याखाली मोडी अक्षरे हात न उचलता लोंबती ठेवणे, ओल्या शाईवर वाळू टाकून ती अलगद झटकणे, नक्कल पुरी झाली की अस्सलाशी तिचा मुकाबला करणे, आणि संध्याकाळी कागद लावून रुमाल आवळून बांधणे, हा त्याचा नित्यक्रम असे. मुशाहिरा मिळत नसे. जागा रिकामी होईपर्यंत, मग ती सहा महिन्यांनी होवो की चार वर्षांनी, त्याने केवळ आशेवर बसावे. या उमेदवारीत खरे शिक्षण होते यात शंका नाही, कारण महसुलाची गुंतागुंत कोणत्याही पंतोजीच्या शाळेत कळली नसती. परंतु ती पेलणे त्यालाच शक्य होते, ज्याचे घर त्याला इतकी वर्षे बसून खाऊ घालू शके. दारिद्र्यात जन्मलेल्या बुद्धिमान मुलाला कसकसल्या वाटा चोखाळाव्या लागत, याचे एक उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचे आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या या मुलाने कऱ्हाडच्या न्यायकचेरीत कारकुनी केली, आणि पुढे १८८० साली तो एम. ए. झाला.

पुण्यासारख्या विद्येच्या पेठेत माधुकरी आणि वार या दोन प्रथा होत्या. सात वारी सात घरी जेवणारा, किंवा झोळी घेऊन पाच-सात घरचे अन्न गोळा करणारा विद्यार्थी पेठेपेठेत दिसे, आणि त्याला अन्न घालणाऱ्या गृहिणींनी किती विद्वान महाराष्ट्राला दिले, याचे माप कोणी काढलेले नाही. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा आरंभ याच माधुकरीच्या आधारावर झाला. या प्रथेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती प्रथा जातीच्या कुंपणात वाढली होती. कुणब्याचा, धनगराचा किंवा महाराचा मुलगा झोळी घेऊन त्या दारांत उभा राहू शकत नव्हता. शिवाय अन्न कितीही प्रेमाने वाढलेले असो, घेणाऱ्याच्या मनात उपकाराची जाणीव राहतेच. धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकत असता शिकवण्या करून आपला खर्च चालवीत, आणि असे करणारे दुसरेही अनेक होते. त्यांच्या या कमाईत स्वाभिमानाला अधिक जागा होती, परंतु शिकवणी करण्यासाठी आधी इंग्रजी शाळेपर्यंत पोचावे लागते, आणि खेड्यातल्या मुलाची अडचण नेमकी तेथेच होती.

मुंबईच्या गिरण्यांनी मुलांना रोख मजुरी दिली, पण शिक्षणाची वाट बंद केली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ साली ही वयोमर्यादा नऊ वर्षांवर आणि कामाची मर्यादा सात तासांवर आली, १९२२ साली वयाची अट बारा वर्षांची झाली, आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांची. ज्या कायद्याला सात वर्षांच्या बालकाचे नऊ तासांचे काम ही सुधारणा वाटली, त्या कायद्याच्या आधीची स्थिती काय असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

या पार्श्वभूमीवर भाऊराव पाटलांचे कार्य पाहावे लागते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहत असता, अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले म्हणून शुद्धीचे स्नान करण्याचा आग्रह त्यांच्यामागे लागला, आणि तो झुगारल्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. त्यानंतर ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवणे हे सोपे काम नव्हते. त्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावे लागे, त्याच्या कर्जाची आणि पिकाची हकीकत ऐकावी लागे. या भ्रमंतीत त्यांना जे दिसले, तेच त्यांच्या पुढील आयुष्याचे भांडवल ठरले, असे माझे मत आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलवले. तेथील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

वसतिगृहे महाराष्ट्राला नवी नव्हती. खुद्द शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी ती काढली होती. साताऱ्याचे वैशिष्ट्य दुहेरी होते. एक तर येथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीस बसत. आणि दुसरे असे की, जे काम जातीने वाटून दिलेले होते, ते येथे पाळीने वाटले जाई. दळण, पाणी, स्वयंपाक, झाडलोट, लाकडे फोडणे, शेताची मशागत या सगळ्यांत मराठ्याच्या मुलाची पाळी आणि मांगाच्या मुलाची पाळी यांत भेद नसे. संस्थेच्या वाट्याला आलेल्या जमिनी बहुधा खडकाळ माळाच्या. त्यांतले दगड पहार-कुदळीने काढून, बांध घालून, माती धरून मुलांनी त्या लागवडीस आणल्या, आणि इमारतींच्या पायांतही त्यांचा घाम मुरला. शहरातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला खडी फोडणे हे शिक्षेसारखे वाटले असते. येथे ते जेवणाचे आणि फीचे मोल होते. घेणारा आणि देणारा एकच असल्याने उपकाराचा प्रश्नच उरत नसे.

अर्थात मुलांच्या श्रमावर सारा डोलारा उभा राहिला, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. दररोज जात्यावर बसताना गृहिणीने एक मूठ धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहास द्यावे, या मुष्टिफंडाचा आधार मोठा होता. सौ. लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने एकामागून एक मोडले, आणि कोठीत धान्य उरले नाही अशा एका प्रसंगी मंगळसूत्रही विकले, ही हकीकत सातारा जिल्ह्यात आजही सांगितली जाते. १९३० साली त्या निवर्तल्या. परजातीच्या मुलांचे उष्टे-खरकटे काढून त्यांना आपल्या पोटच्या पोरांसारखे वाढवणाऱ्या या बाईंचा उल्लेख संस्थेच्या इतिहासात पहिल्या पानावर झाला पाहिजे.

१९३५ साली शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, आणि श्रम करून विनाशुल्क शिकता येईल अशी माध्यमिक शाळा प्रथमच खेड्यातल्या पोरांना लाभली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच पद्धत महाविद्यालयापर्यंत पोचली, आणि ‘कमवा आणि शिका’ हे तीन शब्द महाराष्ट्रभर झाले. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा हताश होण्याऐवजी भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. ९ मे १९५९ रोजी ते गेले. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, एवढे एकच उदाहरण या पद्धतीची फलश्रुती सांगण्यास पुरेसे आहे.

साताऱ्यात हे कार्य चालू असतानाच, १९३७ साली, वर्ध्यास नयी तालीमची योजना पुढे आली, आणि पुष्कळ लोक तिची व साताऱ्याच्या पद्धतीची गल्लत करतात. वर्धा योजनेत हस्तोद्योग हे सात ते चौदा वर्षांच्या बालकाच्या शिक्षणाचे माध्यम होते. सूत कातता कातता गणित आणि भूगोल शिकावा, अशी ती कल्पना. साताऱ्यात शिक्षण नेहमीचेच होते, श्रम त्याचा खर्च उचलीत. बालकांच्या श्रमातून शाळेचा खर्च काढणे धोक्याचे आहे, असा आक्षेप वर्धा योजनेवर तेव्हाच घेतला गेला, आणि तो रास्त होता असे मला वाटते. साताऱ्याची पद्धत टिकली याचे एक कारण हे की ती मुख्यतः वाढत्या वयाच्या, शिकण्याची हाव असलेल्या मुलांसाठी होती, आणि दुसरे हे की पहार हाती घेऊन मुलांबरोबर स्वतः भाऊराव उभे राहत.

मुलींची बाजू या साऱ्या वृत्तांतात दुबळी दिसते, आणि ती तशी होतीच. खुरपणीला आणि काढणीला जाणारी मुलगी मजुरी मिळवी, पण ती घरात जाई आणि शाळा तिच्या वाट्यास येत नसे. या अंधारात केडगावचे मुक्ती सदन वेगळे उठून दिसते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना तेथे विणकाम, शेती आणि छापखान्याचे काम शिकवले. रमाबाईंनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, याच छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याचे खिळे जुळवणारे हात तेथील बायकामुलींचे होते. टाइपाच्या खणांतून उलटे अक्षर ओळखून उचलणारी, ओळीमागून ओळ काठीत बसवणारी ती पोरकी मुलगी, कामगार म्हणून आणि वाचक म्हणून, एकाच वेळी घडत होती. या कामाची नोंद आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात जितकी व्हावी तितकी झाली नाही, याचा मला खेद होतो.

पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती काढली आणि खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी कमवा आणि शिका हा वसतिगृहाच्या जीवनाचा भाग केला. पुढे पुणे आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांनीही या नावाच्या योजना स्वीकारल्या. ग्रंथालयात पुस्तके लावणारे, कार्यालयात कागदपत्रे नोंदवणारे आणि बागेत आळी करणारे विद्यार्थी आजही त्यांतून मानधन घेतात. परंतु हे सारे महाविद्यालयाच्या उंबरठ्याच्या आतले झाले. दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी असा आधार फार थोड्या गावांत आहे, आणि फी भरता न आल्याने शाळा सुटण्याचे वय तर तेच असते.

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर घेणे आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोक्याच्या कामावर लावणे आज कायद्याने निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. त्या मर्यादेच्या आत राहून तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने, रोपवाटिकेने, सहकारी भांडाराने आणि पेठेतल्या दुकानदाराने सुट्टीच्या दिवसांत चार-दोन मुलामुलींना काम द्यावे. कामाचे तास आधी ठरवावेत, ते नोंदवहीत लिहावेत, परीक्षेच्या काळात काम थांबवावे, आणि मजुरी आईबापांच्या किंवा मुकादमाच्या हाती न देता त्या मुलाच्या स्वतःच्या खात्यावर जमा करावी. ज्यांच्या हाती एखादी संस्था किंवा एखादे दुकान आहे, अशा वाचकांनी येत्या मे महिन्यापासून याचा आरंभ करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.