भोंग्याची पाळी

कर्कश म्हणजे काय, हे मुंबईतल्या लालबागच्या पोरांना शिकवावं लागलं नाही. 1854मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. पुढे परळ-लालबागभर चिमण्या उभ्या राहिल्या आणि पाळ्या भोंग्यावर चालू लागल्या. बॉयलरची वाफ सुटली की आधी घोगरा घरघराट, मग चढत जाणारी, कानात घुसणारी किंकाळी. फडताळातले पेले किणकिणायचे. घरात घड्याळ होतं, पण आई स्टो पेटवायची भोंग्यावरच. वडील साचेखात्यात, मागांच्या खडखडाटानं त्यांना ऐकू कमी यायचं, आम्ही घरभर ओरडूनच बोलायचो. 18 जानेवारी 1982ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. आता त्यांच्या जागांवर टॉवर आहेत. टॉवरच्या जाहिरातीत ‘शांत परिसर’ वाचलं की माझं डोकं फिरतं.