आतल्या थरातून बाहेरच्या थरात

तंजावराहून पट्टुकोट्टैच्या वाटेने निघाले की ओरत्तनाडु लागते. बदलीच्या निमित्ताने तिकडे गेलेला मराठी अधिकारी दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ बांधलेले छत्र आवर्जून पाहतो. त्याच गावी २०१२ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, याची वार्ता मात्र आपल्या मंडळींत क्वचितच निघते. वैद्यकाचे पाश्चात्त्य ग्रंथ हौसेने जमविणाऱ्या त्या राजास तेही छत्राइतकेच रुचले असते! गुराकोंबड्यांच्या औषधाशी निगडित असा एका सूक्ष्म शोधाचा इतिहास त्या गावाच्या निमित्ताने येथे सांगावयाचा आहे.

पेशीचे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, हे लायडनच्या गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींवरून १९२५ साली मांडले. या रेणूचे डोके पाण्यात रमते, शेपटी पाण्यास भिते. एका थरातून दुसऱ्यात जावयाचे तर डोक्याला मधला तेलकट भाग ओलांडावा लागतो. कोर्नबर्ग व मॅकॉनेल यांनी १९७१ मध्ये कृत्रिम पटलांवर मोजून पाहिले, तो या उलटण्यास कित्येक तास लागतात असे आढळले. इकडे ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि नवे मेदरेणू घडवितो ते आतल्या बाजूस. मग बाहेरचा थर भरतो कोण? हे काम करणारे प्रथिन असलेच पाहिजे, असे ब्रेचर यांनी १९७३ च्या सुमारास म्हटले व त्यास ‘फ्लिपेझ’ हे काहीसे गमतीचे नाव दिले. पुढे १९७७ मध्ये रॉथमन व केनेडी यांनी जिवंत जिवाणूत हे स्थलांतर अवघ्या काही मिनिटांत होते, हे दाखविले.

ई. कोलायच्या बाह्य आवरणात ‘लिपिड ए’ नामक मेदद्रव्य असते. ते पलटविणारे प्रथिन एमएसबीए. रेट्झ यांच्या प्रयोगशाळेने २००४ साली त्याचा पुरावा मोठ्या चातुर्याने मिळविला. पटलाच्या बाहेरच्या अंगास काही विकरे लिपिड ए वर रासायनिक खुणा जोडतात. सदोष एमएसबीए असलेले जिवाणू ४४ अंश उष्णतेत ठेवताच ते प्रथिन बंद पडले आणि नव्या लिपिड ए वर खुणा उमटेनात. अर्थात माल आतच अडकला होता. २०१७ मध्ये तर या प्रथिनाच्या पोकळीत बसलेला मेदरेणूच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसला.

या खुणांचे महत्त्व केवळ शास्त्रज्ञांपुरते नाही. इतर औषधे हरल्यावर माणसास देण्यात येणारे कोलिस्टिन लिपिड ए लाच चिकटते. त्यावर बाहेरच्या अंगास एक विशिष्ट खूण जोडून औषधाची पकड सैल करणारा एमसीआर-१ हा जनुक २०१५ मध्ये चीनमधील डुकरांत व रुग्णांत आढळला. तो एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून हेच औषध चारण्याची रीत आपल्याकडेही होती. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.