दुधनीचे तिकीट आणि दुधनीचा पास

सोलापूर–वाडी लोहमार्गावर दुधनी हे महाराष्ट्राच्या कडेचे स्टेशन. अलीकडे बोरोटी, पुढे कुलालीला कर्नाटक लागतो. गावात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. अशा स्टेशनची तिकिटे व विद्यार्थी पास मी जमवतो, कारण कागदोपत्री इतिहासात न सापडणारे काही त्यांत सापडते.

पुठ्ठ्याचे तिकीट ही इंग्लंडमधील स्टेशनमास्तर थॉमस एडमंडसन यांची 1830च्या दशकातली कल्पना. लांबी सुमारे सव्वादोन इंच, त्यावर अनुक्रमांक, विकताना तारखेचा ठसा. सकाळचा आणि रात्रीचा क्रमांक वजा केला की दिवसाची विक्री कळे. प्रवास संपला की तिकीट फाटकावर काढून घेत. म्हणून आज हाती येते ते बहुधा न विकलेले किंवा नजरेतून सुटलेले.

तारखेचा ठसा पुसला असला तरी तिकिटाचा काळ ठरवता येतो. जीआयपीचा हा मार्ग 1871 मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला. 5 नोव्हेंबर 1951 रोजी जीआयपी मध्य रेल्वेत आली. 1 एप्रिल 1957 पासून आणे जाऊन नवे पैसे आले. 2 ऑक्टोबर 1966 रोजी सिकंदराबादला मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि सोलापूर विभाग तिच्याकडे गेला. 2 ऑक्टोबर 1977 रोजी तो मध्य रेल्वेकडे परत आला. म्हणजे अकरा वर्षे दुधनीचे राज्य महाराष्ट्र आणि रेल्वे सिकंदराबादची. तिसरा वर्ग 1974 मध्ये बंद झाला. तेव्हा ‘दक्षिण मध्य’ आणि ‘तिसरा वर्ग’ हे दोन्ही छापलेले तिकीट 1966 ते 1974 मधले. जुना साठा नंतरही वापरला गेला असणे शक्य आहे. म्हणून आरंभाची मर्यादा पक्की, शेवटची सैल.

तिकिटावर माणूस नसतो, पासावर असतो. नाव, वय, कुठून कुठे. विद्यार्थ्याला सवलतीसाठी संस्थाप्रमुखाच्या सहीचा दाखला लागतो. पुढे मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज हा द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत झाला. मासिक पासाची दीडशे किलोमीटरची मर्यादा दुधनीहून सोलापूर आणि गुलबर्गा दोन्हींना पुरते. त्यामुळे इथल्या मुलीचा पास कोणत्या दिशेचा, हा शिक्षणाच्या भाषेचा आणि राज्याचाही प्रश्न ठरतो. सोलापूरला शिकली तर 2004 मध्ये तिथे विद्यापीठ होईपर्यंत पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. गुलबर्ग्याला गेली तर 1980 पासून तिथलेच विद्यापीठ. घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी कोणती, ती कुठल्या गाडीने कुठे गेली, हे गावाच्या कोणत्याही दप्तरात एका ठिकाणी लिहिलेले नाही. जुन्या पासावर ते असते.

आता पास मोबाईलवरही निघतो. ट्रंकेत उरायला कागद राहत नाही. म्हणून वाचकांना विनंती: आईच्या, आत्याच्या जुन्या वह्यांत असा पास सापडला तर रद्दीत घालू नका. तो कोणाचा, कॉलेज कोणते, शिक्षण पूर्ण झाले की मधेच सुटले, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. हयात व्यक्तीचे नाव मात्र तिला विचारल्याशिवाय कुठे छापू नका.